आईला विचारा

(हीरकमहोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा आढावा अहवालात आला आहे, तो मी पुन्हा सांगत बसत नाही. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता शाळेचा नाही. परंतु सकाळपासून या प्रांगणात आपल्या गप्पा कानावर पडत आहेत. वर्गमित्रांची विचारपूस झाली की बोलणे आपोआप आजारपणाकडे वळते. कुणाच्या वडिलांची बायपास झाली आहे, कुणाच्या आईचे गुडघे बदलायचे आहेत, कुणाच्या सासऱ्यांचे डायलिसिस चालू आहे. आपण सारेच त्या वयात आलो आहोत, जिथे घरातल्या थोरांच्या उपचारांचे निर्णय आपल्याला घ्यावे लागतात. ते निर्णय घेताना ज्याचे शरीर आहे त्याला आपण विचारतो का, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला एका चुकीने शिकवला. ती चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझी आहे.

आपल्यापैकी अनेकांप्रमाणे माझे माहेरही गलाई व्यवसायातले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून वडील सोने गाळण्याच्या धंद्यासाठी म्हैसूरला आले आणि लग्न होऊन आई त्यांच्या मागोमाग आली. पन्नास वर्षांहून अधिक काळ ती या शहरात राहिली. भाजीवालीशी, दूधवाल्याशी बोलण्यापुरते कन्नड तिला येई. दुखणे सांगण्यापुरते मात्र येत नसे. सात वर्षांपूर्वी तिला कर्करोग झाल्याचे कळले, तेव्हा तो बराच पसरला होता. तपासण्या संपल्यावर डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवले आणि शांतपणे कन्नडमध्ये समजावून सांगितले. औषधांनी कदाचित काही महिने वाढतील, त्या काळात रुग्णालयाच्या फेऱ्या आणि त्रास बराच होईल. दुसरा मार्ग असा, की वेदना आटोक्यात ठेवणारी औषधे द्यायची आणि त्यांना घरी राहू द्यायचे. दोन्ही मार्ग योग्यच आहेत. मग ते मला म्हणाले, ‘‘अम्मनन्नु केळि.’’ आईला विचारा.

आई माझ्या शेजारीच बसली होती. तिने विचारले, ‘‘काय म्हणत्यात गं?’’ मी म्हणाले, ‘‘औषधं सुरू करायची म्हणतात. बरं वाटेल.’’ तिने मान हलवली. मी डॉक्टरांकडे वळून सांगितले, आईची तयारी आहे.

आयुष्यभर मुलांना प्रश्न नीट वाचायला शिकवणाऱ्या शिक्षिकेने त्या दिवशी प्रश्नच गाळला. माझा हेतू वाईट नव्हता. तिला धक्का बसू नये असे मला वाटत होते, आणि खरे सांगायचे तर तिचे उत्तर ऐकण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. पुढचे तीन महिने बहुतेक रुग्णालयातच गेले. एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, ‘‘आता गावाकडं पाऊस झाला असंल का गं?’’ मी म्हणाले, ‘‘झाला असेल, तू झोप.’’ त्या वाक्यात काय होते ते मला ती गेल्यानंतर समजले. तिला गावी जायचे होते. कदाचित विचारले असते तरी तिने औषधेच निवडली असती. ते मला कधीच कळणार नाही, आणि माझ्या चुकीचा खरा भार तोच आहे.

यानंतर मी या विषयावर जे जे मिळेल ते वाचू लागले. त्यातले काही आपल्यापुढे ठेवते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रुग्ण. रुग्णाचेही चार गुण तिथे दिले आहेत. त्याला स्मरण असावे, त्याने वैद्याची सूचना पाळावी, तो भित्रा नसावा आणि आपली अवस्था त्याला सांगता यावी. या शेवटच्या गुणाला ‘ज्ञापकत्व’ म्हटले आहे. १९०८ साली आयुर्वेद महाविद्यालय सुरू झालेल्या या नगरीत हे सांगण्याचे धाडस मी करते, की त्यातला सूचना पाळण्याचा गुण आपण पक्का लक्षात ठेवला आणि सांगण्याचा गुण विसरलो. रुग्णाने सांगावे असे शास्त्र म्हणत असेल, तर कुणीतरी ऐकावे हेही त्यात आलेच.

आधुनिक वैद्यकही फिरून याच जागी आले आहे. पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाचा पाया घालणाऱ्यांत डेव्हिड सॅकेट यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या २००० साली आलेल्या ग्रंथात या वैद्यकाची व्याख्या तीन गोष्टींचा मेळ अशी केली आहे: संशोधनातला उत्तम पुरावा, डॉक्टरांचा अनुभव आणि रुग्णाची मूल्ये. म्हणजे रुग्णाला काय महत्त्वाचे वाटते हे विचारणे हा केवळ सौजन्याचा भाग राहिला नाही. तो शास्त्राचाच भाग झाला.

असे का व्हावे? कारण अनेकदा दोन उपचारांचे फळ सारखेच असते आणि किंमत मात्र वेगळी असते. स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण घ्या. सुरुवातीच्या अवस्थेत संपूर्ण स्तन काढणे, किंवा केवळ गाठ काढून नंतर किरणोपचार देणे, असे दोन मार्ग असतात. इटली आणि अमेरिका येथील दोन मोठ्या अभ्यासांचे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आयुर्मानाच्या दृष्टीने दोन्ही मार्ग सारखेच ठरले. मग निवड कशावर करायची? एखादीला आपले शरीर शक्य तितके अखंड राहावे असे वाटेल. शहरापासून दूर राहणारी दुसरी म्हणेल, किरणोपचारांसाठी काही आठवडे रोज येणे मला जमणार नाही, एकदाच काय ते होऊ द्या. दोघीही बरोबर आहेत. कुठल्याही यंत्राच्या अहवालात हे उत्तर सापडत नाही, ते त्या स्त्रीकडेच असते.

आपल्या समाजातले उदाहरण देते. कर्करोगावरच्या काही औषधांनी बोटांना मुंग्या येतात, बधिरता येते. ज्याचे काम खुर्चीत बसून बोलण्याचे आहे, तो हा त्रास कदाचित सोसेल. पण ज्याचे सारे आयुष्य सोन्याच्या बारीक कामात गेले, त्या कारागिराची बोटे म्हणजे त्याची भाकरी आणि त्याची ओळख. या गावात वीणा वाजवणारे हात आहेत, त्यांचेही तसेच. डॉक्टरांना हे ठाऊक असले तर कधी औषध बदलता येते, कधी मात्रा कमी करता येते. मात्र त्यांना ते कुणीतरी सांगावे लागते. मधुमेह असलेल्या आजी एकादशी सोडणार नाहीत, हे घरातल्या सर्वांना माहीत असते. डॉक्टरांपासून ते लपवले जाते, मग उपवासाच्या दिवशी साखर उतरून आजी चक्कर येऊन पडतात. आधी सांगितले असते तर औषधाच्या वेळा आणि मात्रा त्यांनीच बसवून दिल्या असत्या.

हाच धागा आपल्या इतिहासातही आहे. आनंदीबाई जोशी डॉक्टर का झाल्या? अवघ्या काही दिवसांचे आपले मूल गेल्याचे दुःख त्यांच्या पाठीशी होते, हे आपण मुलांना शिकवतो. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जे कारण मांडले, ते आजच्या विषयाशी जुळते. हिंदुस्थानातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे उघड करायला संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. रुग्ण स्त्रियांचा हा संकोच म्हणजे अडाणीपणा आहे, असे म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. त्या संकोचाचा मान राखून वैद्यकाने बदलावे, असे त्यांना वाटले, आणि त्यासाठी त्यांनी आपले उणेपुरे एकवीस वर्षांचे आयुष्य खर्ची घातले.

आता दोन उदाहरणे अधिक गंभीर आहेत. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर काही दिवसांत त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. हा मार्ग साऱ्यांनी अनुसरावा असे मी मुळीच म्हणत नाही, तो एका साधकाचा निर्णय होता. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांची इच्छा काय आहे, याविषयी भोवतालच्या कुणाला शंका नव्हती.

दुसरे उदाहरण अरुणा शानबाग यांचे. आपल्या याच राज्यातल्या, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिच्यावर रुग्णालयातच क्रूर हल्ला झाला आणि पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात जागृत जाणिवेविना पडून राहिली. तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिची शुश्रूषा केली. तिला या यातनेतून सोडवावे, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केला, तर रुग्णालयातल्या परिचारिका म्हणाल्या, ती आमची आहे, आम्ही तिला सांभाळू. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. १८ मे २०१५ रोजी ती गेली. दोन्ही बाजूंना तिच्याविषयी कळवळा होता, यात मला शंका नाही. परंतु अरुणाला स्वतःला काय हवे असते, हे सांगणारा एक कागद, एक वाक्य कुणाकडेही नव्हते. पंचविशीतल्या मुलीने असे काही लिहून ठेवावे, हे त्या काळी कुणाच्या मनातही आले नसते.

त्या निकालानंतर मात्र कायदा पुढे सरकला. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण येण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात मानला आणि शुद्धीवर असताना आपली इच्छा लिहून ठेवण्याची मुभा सर्व प्रौढ नागरिकांना दिली. त्याची पद्धत किचकट होती, ती जानेवारी २०२३ मध्ये सोपी केली गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते पत्र नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावेही त्यात देता येतात. गोव्यात मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे असे पत्र नोंदवून पायंडा पाडला. आपल्या कर्नाटक शासनाने जानेवारी २०२५ च्या अखेरीस या निकालाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. यात कुणाला मारण्याची परवानगी नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. बरे होण्याची आशा उरलेली नसताना केवळ यंत्रांनी लांबवलेले उपचार नाकारण्याची अथवा थांबवण्याची ही वाट आहे, आणि तीही डॉक्टरांच्या दोन स्वतंत्र मंडळांच्या संमतीनंतरच.

नातेवाइकांच्या अधिकाराविषयी आपल्या मनात एक मोठा गैरसमज आहे. आई म्हणून, मुलगा म्हणून, पती म्हणून आपण सही केली की काम झाले, असे आपल्याला वाटते. समीरा कोहली खटल्यात एका चव्वेचाळीस वर्षांच्या स्त्रीला केवळ तपासणीसाठी भूल दिली होती. ती भुलीत असतानाच तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जिवाला तातडीचा धोका नव्हता, रुग्ण सज्ञान होती, थोड्याच वेळात शुद्धीवर येणार होती, त्यामुळे आईची संमती पुरेशी नाही. तिलाच विचारायला हवे होते. हा निकाल वाचताना मी बराच वेळ थांबले. माझी आई तर शुद्धीवर होती, माझ्या शेजारी बसली होती.

आपल्या मनात काही शंका आल्या असतील. पहिली अशी, की रुग्ण म्हणेल तेच डॉक्टरांनी करायचे काय? मुळीच नाही. साध्या पडशाला ‘सलाईन लावा’, ‘स्ट्राँग गोळी द्या’ असा हट्ट धरणे म्हणजे मूल्य नव्हे. कुठला उपचार गुणकारी आणि कुठला निरुपयोगी, हे डॉक्टरच सांगतील. योग्य पर्यायांतून आपल्या जगण्याशी कोणता जुळतो, हे मात्र रुग्णच सांगू शकेल.

दुसरी शंका अशी, की आमची आई म्हणते, ‘मला काय कळतंय, तुम्हीच ठरवा.’ असे म्हणणे हासुद्धा तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान ठेवावा. पण ते तिच्या तोंडून येऊ द्या, तिच्या वतीने गृहीत धरू नका. आजाराचे नाव लपवण्याच्या बाबतीतही तेच. सारे एकदम सांगण्याची घाई नको. ‘तुला यातलं किती जाणून घ्यायचंय?’ असे विचारता येते, आणि मग ती सांगेल तितकेच सांगावे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. आपल्याकडचे वृद्ध अनेकदा उपचाराला नको म्हणतात ते खर्चाच्या धास्तीने, मुलांवर बोजा नको म्हणून. तो नकार मनातून आला आहे की खिशातून, हे ओळखणे आपले काम आहे. पैशाची सोय होण्याजोगी असताना तो नकार ऐकून सुटकेचा निःश्वास टाकणे हे इच्छेला मान देणे नव्हे. आपण दुसऱ्यांदा विचारावे, आणि विचारताना पैशाची चिंता आधी बाजूला काढून ठेवावी.

आता पुन्हा शाळेकडे येते, कारण या साऱ्याशी आपल्या शाळेचा संबंध आहे. म्हैसूरमध्ये मराठी माध्यमाची शाळा कशासाठी, असा प्रश्न साठ वर्षे आपल्याला विचारला जातो. आपण उत्तर देतो, की मुलाला मनातले मातृभाषेत सांगता यावे. पालकहो, मातृभाषेची खरी गरज पहिलीच्या वर्गात जशी असते, तशीच ती रुग्णालयातल्या खाटेवर असते. कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी, मुरडा वेगळा. आपल्या आजीला हे चारही शब्द येतात. तिच्याबरोबर दुभाषी म्हणून सातवी-आठवीतला नातू जातो. त्याला कन्नडमधला एकच शब्द ठाऊक असतो, ‘नोवु’. कन्नड ही समृद्ध भाषा आहे, तिच्यातही वेदनेला अनेक शब्द आहेत. ते आपल्या मुलांना आपण शिकवलेले नाहीत, एवढेच. कळ असो की ठणका, डॉक्टरांपर्यंत केवळ ‘दुखते’ पोहोचते.

म्हणून या वर्षी एक छोटे काम आम्ही हाती घेत आहोत. नववीच्या मुलांनी घरातल्या आजी-आजोबांकडून दुखण्याखुपण्याचे मराठी शब्द गोळा करायचे, कन्नडच्या शिक्षकांच्या मदतीने त्यांचे कन्नड प्रतिशब्द शोधायचे आणि त्याची पुस्तिका करायची. माजी विद्यार्थ्यांत जे डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, त्यांनी ती तपासून द्यावी, अशी माझी विनंती आहे. आणि दुभाष्याचा पहिला नियम आम्ही मुलांना शिकवू: समोरच्याने जे विचारले ते पूर्ण सांगायचे, आपल्या पदरचे घालायचे नाही, आणि गाळायचे तर मुळीच नाही.

आपणा सर्वांना मी घरचा अभ्यास देते. शिक्षिकेची खोड म्हणून तो गोड मानून घ्यावा. आज किंवा येत्या रविवारी, सारे धडधाकट असताना, जेवणानंतर आपल्या आई-वडिलांजवळ बसा आणि तीन प्रश्न विचारा. दुखणे आले तर तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? कुठली गोष्ट करता येणे तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटते? आणि तुम्हाला बोलता आले नाही, तर तुमच्या वतीने कोणी बोलावे? पहिल्या खेपेस ‘कसले अभद्र बोलतोस’ म्हणून आपल्याला गप्प करतील. दिवाळीत पुन्हा विचारा. उत्तरे एका कागदावर लिहून ठेवा. पुढेमागे त्यांचे मन बदलले तर कागदही बदला. नंतर आपल्या मुलांजवळ बसून स्वतःची उत्तरेही सांगा.

मी माझी उत्तरे लिहून ठेवली आहेत आणि माझ्या मुलीला वाचून दाखवली आहेत. ती थोडी रडली, मग म्हणाली, ‘‘बरं झालं सांगितलंस, मला ठरवावं लागणार नाही.’’ मी माझ्या आईला विचारले असते, तर मलाही आज असेच हलके वाटले असते.